लिनक्समधला ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ क्लास: चार्जरची यादी चोख, सौद्याचा पत्ता नाही

टाइप-सी चार्जरच्या खोक्यावर ‘६५ वॉट’ एवढेच ठळक छापलेले असते. ते ६५ वॉट कोणत्या व्होल्टेजला मिळतात, ९ व्होल्टला किती अँपिअर येतात, पीपीएस (व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलता येण्याची सोय) आहे की नाही, हे ॲडॉप्टरच्या पोटावर डोळे फोडून वाचावे लागते, आणि तिथे छापलेले खरे असेलच याची खात्री नाही. लॅपटॉपला मात्र हे सगळे कळलेले असते. चार्जर जोडल्या जोडल्या स्वतःच आपली यादी केबलमधून पाठवतो. ती यादी कर्नल (लिनक्सचा गाभा) आपल्याला दाखवतो का, एवढाच प्रश्न. २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१९ पासून दाखवतो, आणि ज्या सोयीमुळे दाखवतो ती म्हणजे ‘/सिस/क्लास/यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ हा क्लास, म्हणजे कर्नलने माहिती वाचण्यासाठी उघडलेला फाइलींचा एक गट. हे परीक्षण त्याचे.

त्याआधी टाइप-सी क्लासमध्ये प्रत्येक पोर्टची ‘पॉवर_ऑपरेशन_मोड’ ही फाइल होती, आजही आहे. ती ‘डीफॉल्ट’, ‘१.५ए’, ‘३.०ए’ किंवा ‘यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ यांपैकी एक शब्द सांगून गप्प बसते. पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जर आणि उपकरणाने केबलमधून बोलून वीज ठरवण्याची पद्धत) चालू आहे एवढे कळते. पीडीत काय बोलणे झाले ते नाही. ज्याला पुढचे हवे त्याने डीबगएफएसमधला (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींतला) टीसीपीएमचा (टाइप-सी पोर्ट सांभाळणाऱ्या कर्नलच्या कोडचा) लॉग उपसायचा, त्यासाठी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असायचे, आणि मशीनचा ड्रायव्हरही टीसीपीएमवरच बेतलेला असायला हवा. इंटेलचे हेइक्की क्रोगेरुस यांनी पीडीची माहिती टाइप-सीपासून वेगळी काढून तिला स्वतःचे घर दिले. आता कोणताही साधा वापरकर्ता रूटशिवाय चार्जरची यादी वाचू शकतो. निव्वळ एवढ्यासाठीही या क्लासला चांगले गुण द्यायला हवेत.

यादीतला एक नग

पीडीच्या यादीतल्या एकेका नोंदीला पीडीओ म्हणतात. पीडीओ म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. सर्वांत वरचे २ बिट प्रकार सांगतात: ०० म्हणजे फिक्स्ड, ०१ बॅटरी, १० व्हेरिएबल आणि ११ म्हणजे ऑगमेंटेड, ज्यात पीपीएस येतो. फिक्स्डमध्ये तळाचे १० बिट करंटचे, १० मिलिअँपिअरच्या पटीत. त्यावरचे १० बिट व्होल्टेजचे, ५० मिलिव्होल्टच्या पटीत. ६५ वॉटच्या चार्जरचा २० व्होल्टचा पीडीओ दशमान पद्धतीत लिहिला तर ४०९९२५ होतो. त्याला १०२४ ने भागा: भागाकार ४००, बाकी ३२५. ४०० गुणिले ५० मिलिव्होल्ट म्हणजे २० व्होल्ट. ३२५ गुणिले १० मिलिअँपिअर म्हणजे ३.२५ अँपिअर. झाले ६५ वॉट. ९ व्होल्ट ३ अँपिअरचा तसाच १८४६२० येतो.

फिक्स्डपुरते हे कागद-पेन्सिलवर जमते. पण बॅटरी प्रकारात तळाचे १० बिट करंटचे नसून वॉटचे असतात, २५० मिलिवॉटच्या पटीत. पीपीएसमध्ये तर सगळी मांडणीच निराळी: कमाल व्होल्टेज १७ ते २४ या बिटांत, किमान व्होल्टेज ८ ते १५ या बिटांत, दोन्ही १०० मिलिव्होल्टच्या पटीत, आणि करंट तळाच्या ७ बिटांत ५० मिलिअँपिअरच्या पटीत. हा उलगडा प्रत्येक प्रोग्रॅमने आपापला करत बसला तर कोणीतरी कुठेतरी चुकणारच (पुढे त्याचा नमुना कर्नलमध्येच सापडेल). तो एकदाच, एकाच जागी व्हावा हा या क्लासमागचा विचार बरोबर आहे.

मांडणी

प्रत्येक पीडीधारकाला ‘पीडी०’, ‘पीडी१’ असे नाव मिळते. त्याच्या आत ‘रिव्हिजन’ ही फाइल, असलीच तर ‘व्हर्जन’, आणि दोन फोल्डर: ‘सोर्स-कॅपॅबिलिटीज’ म्हणजे हा काय देऊ शकतो आणि ‘सिंक-कॅपॅबिलिटीज’ म्हणजे याला काय चालते. या फोल्डरांत एकेक पीडीओ हा पुन्हा एक फोल्डर, आणि त्याचे नाव क्रमांक, विसर्गासारखे दोन टिंब, मग प्रकार. नेहमीच्या ६५ वॉटच्या पीपीएस चार्जरमध्ये साधारण असे दिसते:

१:फिक्स्ड_सप्लाय — ५०००एमव्ही, ३०००एमए
२:फिक्स्ड_सप्लाय — ९०००एमव्ही, ३०००एमए
३:फिक्स्ड_सप्लाय — १५०००एमव्ही, ३०००एमए
४:फिक्स्ड_सप्लाय — २००००एमव्ही, ३२५०एमए
५:प्रोग्रॅमेबल_सप्लाय — ३३००एमव्ही ते २१०००एमव्ही, ३०००एमए

नावात क्रमांक घातला ही या मांडणीतली सर्वांत शहाणी गोष्ट. पीडीत मागणी करणारा ‘२० व्होल्ट द्या’ असे म्हणतच नाही, ‘४ नंबरचे द्या’ असे म्हणतो. क्रमांक १ पासून सुरू होतो आणि तोच तारेवरून जातो. त्यामुळे नाव बघितले की थेट स्पेसिफिकेशनमधल्या क्रमांकाशी गाठ पडते, मधे काही वजा-अधिक करावे लागत नाही.

क्रमांक १ मध्ये इतरांपेक्षा जास्त फाइली असतात. पहिला पीडीओ कायम ५ व्होल्टचा फिक्स्डच असावा लागतो, आणि चार्जरविषयीचे सर्वसाधारण झेंडे त्याच्याच वरच्या बिटांत कोंबलेले असतात: ‘ड्युअल_रोल_पॉवर’, ‘यूएसबी_सस्पेंड_सपोर्टेड’, ‘अनकन्स्ट्रेन्ड_पॉवर’, ‘यूएसबी_कम्युनिकेशन_केपेबल’, ‘ड्युअल_रोल_डेटा’, ‘अनचंक्ड_एक्स्टेंडेड_मेसेजेस_सपोर्टेड’. बाकीच्या फिक्स्ड पीडीओंमध्ये कर्नल या फाइली दाखवतच नाही, फक्त व्होल्टेज, करंट आणि ‘पीक_करंट’ ठेवतो. निरर्थक शून्ये दाखवण्यापेक्षा हे बरे. यांतली ‘अनकन्स्ट्रेन्ड_पॉवर’ व्यवहारात सर्वांत उपयोगी: भिंतीतल्या चार्जरमध्ये ती १ असते, पॉवर बँकेत ० असायला हवी. पॉवर बँक जोडली असताना लॅपटॉपने जपून चार्ज व्हावे असे स्क्रिप्टमध्ये हवे असेल तर हाच झेंडा बघायचा. स्वस्त पॉवर बँका यात खोटे बोलतात, पण तो दोष कर्नलचा नाही.

‘पीक_करंट’ आणि सिंकच्या बाजूची ‘फास्ट_रोल_स्वॅप_करंट’ या दोन फाइली मात्र उलगडून सांगितलेल्या नाहीत. दोन्हींत ० ते ३ असा नुसता दोन बिटांचा आकडा येतो. दुसऱ्या फाइलीत ० म्हणजे सोय नाही, १ म्हणजे यूएसबीचा मूळ करंट, २ म्हणजे ५ व्होल्टला १.५ अँपिअर, ३ म्हणजे ३ अँपिअर. बाकी सगळे एमव्ही, एमए करून देणाऱ्या क्लासने इथेच हात आखडता का घेतला ते समजत नाही. कागदपत्रांत अर्थ दिलेला आहे, पण मग व्होल्टेजचाही कच्चा आकडा देऊन कागदपत्रांकडे बोट दाखवता आले असते.

एकेक पीडीओ म्हणजे कर्नलच्या हिशेबी एकेक डिव्हाइस. ७ पीडीओंचा चार्जर लावला की ७ डिव्हाइस, वर यादीचे एक, त्यावर पीडीचे एक. हा सारा पसारा ३२ बिटांच्या ७ आकड्यांसाठी. एका मजकुराच्या फाइलीत सातही ओळी दिल्या असत्या तर वाचायला सोपे गेले असते, पण सिसएफएसचा (‘/सिस’ खालच्या फाइलींचा) दंडक एका फाइलीत एकच मूल्य असा आहे, आणि उद्या नव्या प्रकारचा पीडीओ आला तर जुन्या प्रोग्रॅमचे पार्सिंग न मोडता नवा फोल्डर घालता येतो. पसारा आहे, पण त्याला कारण आहे.

वाचायचे कसे

सरळ ‘पीडी०’ उघडणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. पीडी०, पीडी१ हे आकडे नोंदणीच्या वेळी जो लहानात लहान मोकळा असेल तो मिळतो. दोन पोर्टांच्या लॅपटॉपमध्ये पीडी० आणि पीडी१ बहुधा लॅपटॉपच्या स्वतःच्याच पोर्टांचे असतात, आणि चार्जर पीडी२ होतो. पीडी० मधले ५०००एमव्ही, ३०००एमए बघून ‘चार्जर १५ वॉटचाच निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो, जेव्हा ती यादी लॅपटॉप बाहेर काय देऊ शकतो याची असते.

म्हणून वाट नेहमी पोर्टाकडून घ्यायची. ‘/सिस/क्लास/टाइपसी’ मध्ये जा. ‘पोर्ट०’ म्हणजे मशीनचे तोंड. ‘पोर्ट०-पार्टनर’ म्हणजे त्यात खुपसलेली वस्तू. दोन्हींत ‘यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ नावाचा दुवा असतो. चार्जरची यादी हवी तर पार्टनरचा दुवा धरून ‘सोर्स-कॅपॅबिलिटीज’ मध्ये शिरा. लॅपटॉप काय काय स्वीकारतो ते हवे तर पोर्टाचा दुवा आणि ‘सिंक-कॅपॅबिलिटीज’. उलट दिशेने, म्हणजे पीडीकडून पोर्ट शोधायला जाऊ नका. टीसीपीएमखाली पार्टनरची डिव्हाइस ‘व्हर्च्युअल’ फांदीवर नोंदलेली सापडतात आणि पालक कोण ते वाटेवरून कळत नाही.

आकड्यांना एकक चिकटलेले आहे हे स्क्रिप्ट लिहिताना ध्यानात ठेवा. फाइल ‘२००००एमव्ही’ असा मजकूर देते, नुसते २०००० नाही. पॉवर सप्लाय क्लास (बॅटरी आणि चार्जरची माहिती देणारा दुसरा क्लास) मात्र मायक्रोव्होल्टमध्ये आणि एककाशिवाय बोलतो: तेच २० व्होल्ट तिथे २००००००० असे. दोन्ही क्लास एकाच स्क्रिप्टमध्ये वापरायचे असतात (का ते पुढे), आणि हजारपटीची चूक इथेच होते.

यादी छोटी दिसली तर आधी केबलवर संशय घ्या. ३ अँपिअरच्या वर करंट द्यायचा तर केबलच्या टोकात ५ अँपिअरची ओळख सांगणारी चिप असावी लागते, आणि ती नसेल तर चार्जर स्वतःच यादी कापून पाठवतो. १०० वॉटच्या चार्जरला साधी केबल लावली तर क्रमांक ४ वर २००००एमव्हीसमोर ५०००एमएऐवजी ३०००एमए दिसेल. चार्जर बिघडलेला नसतो, नियम पाळत असतो. ड्रायव्हर केबलची माहिती देत असेल तर ‘पोर्ट०-केबल’ हा वेगळा फोल्डर टाइप-सी क्लासमध्ये दिसतो. तो नसणे म्हणजे केबल साधी, असे मात्र नव्हे.

दोन-तीन तोंडांच्या चार्जरमध्ये यादी चालू असतानाही बदलते. दुसऱ्या तोंडात फोन लावला की चार्जर पहिल्याला नवी, आखूड यादी पाठवतो. टीसीपीएमच्या जुन्या कोडमध्ये इथे एक ठळक दोष होता: नवी यादी आली की जुनी न काढताच ‘सोर्स-कॅपॅबिलिटीज’ पुन्हा नोंदवायला जायचे आणि सिसएफएस ‘त्याच नावाची फाइल पुन्हा करता येत नाही’ म्हणून बोंब मारायचे. २०२४ मध्ये तो दुरुस्त झाला: आता आधी जुनी यादी काढली जाते, मग नवी घातली जाते. जुन्या कर्नलवर चालणाऱ्या बोर्डावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) असा इशारा आणि त्यात ‘पीडी१/सोर्स-कॅपॅबिलिटीज’ असे दिसले तर हार्डवेअर फेकू नका, कर्नल बदला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बिननावाचा चार्जर घेताना हा क्लास फार कामाचा. लिनक्स असलेला लॅपटॉप सोबत असेल तर काउंटरवरच जोडून पार्टनरची यादी बघा. ‘६५ वॉट’ छापलेल्या चार्जरमध्ये २० व्होल्टची ओळच नाही, १२ व्होल्टवर गाडी थांबते, असेही निघते. एक मर्यादा: यादीत जे आहे ते चार्जरचे तोंडी आश्वासन. तेवढा भार तो पेलतो का, ते लोड लावूनच कळेल.

सौदा कुठे आहे?

आता मुख्य तक्रार. हा क्लास हॉटेलातला दरफलक दाखवतो, आपण काय मागवले त्याचे बिल दाखवत नाही. चार्जर यादी पाठवतो, लॅपटॉप त्यातला एक क्रमांक निवडून आरडीओ नावाचा ३२ बिटांचा मागणीसंदेश पाठवतो, चार्जर मान्य करतो, आणि सौदा ठरतो. पाचपैकी कोणती ओळ निवडली गेली? किती करंट मागितला? लॅपटॉपने ‘मला पुरत नाही’ असा तक्रारीचा बिट लावला का? यातले काहीही इथे नाही. ‘पीडीओ’ दाखवायचे ठरवले आणि ‘आरडीओ’ सोडून दिला, ही अर्धवट राहिलेली गोष्ट आहे. चार्जिंग मंद का, या प्रश्नाचे उत्तर दहातल्या नऊ वेळा त्या आरडीओतच असते.

मग पॉवर सप्लाय क्लासकडे वळावे लागते. बहुतेक लॅपटॉपमध्ये फर्मवेअरशी बोलणारा यूसीएसआय ड्रायव्हर असतो आणि तो ‘यूसीएसआय-सोर्स-पीएसवाय’ ने सुरू होणारी नोंद करतो. बोर्डांवर आणि फोनमध्ये टीसीपीएम असेल तर ‘टीसीपीएम-सोर्स-पीएसवाय’. तिथल्या ‘व्होल्टेज_नाऊ’ आणि ‘करंट_नाऊ’ वरून सौद्याचा अंदाज येतो. नावात ‘नाऊ’ असले तरी हे मीटरचे मोजमाप समजू नका. यूसीएसआयमध्ये ठरलेल्या आरडीओतला क्रमांक घेऊन, त्या पीडीओतून व्होल्टेज काढून दाखवण्याची पद्धत आहे, आणि करंट म्हणजे मागितलेला करंट. तारेतून प्रत्यक्षात किती वाहतो त्याच्याशी याचा संबंध नाही. ‘करंट_नाऊ’ ३.२५ अँपिअर आणि बॅटरी पूर्ण भरलेली, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

आणि आधी म्हटलेला नमुना हा. यूसीएसआयच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘व्होल्टेज_मॅक्स’ काढताना यादीतला शेवटचा पीडीओ घेतात आणि तो फिक्स्ड आहे असे गृहीत धरून १० ते १९ हे बिट वाचतात. शेवटचा पीडीओ पीपीएस असेल तर त्या बिटांत कमाल व्होल्टेजचे शेपूट आणि किमान व्होल्टेजचे डोके सापडते. ३.३ ते २१ व्होल्टच्या पीपीएसमध्ये तिथे २६४ भरतात. ५० मिलिव्होल्टने गुणले की १३.२ व्होल्ट. चार्जर २१ व्होल्टपर्यंत जातो आणि फाइल १३.२ सांगते. १३.२ हा आकडा दिसला तर गोंधळू नका. नव्या क्लासमध्ये जाऊन क्रमांक ५ चा ‘मॅक्झिमम_व्होल्टेज’ वाचा, तो बरोबर असतो. दोन्ही क्लास शेजारी ठेवले की नव्याची किंमत इथे कळते.

टीसीपीएमच्या बाजूला सौदा जास्त उघडा आहे. ‘/सिस/कर्नल/डीबग/यूएसबी’ खालच्या टीसीपीएमच्या लॉगमध्ये आलेली यादी आणि ‘रिक्वेस्टिंग पीडीओ ३: २०००० एमव्ही, ३२५० एमए’ अशी मागणीची ओळ, दोन्ही मिळतात. सापळा एकच: लॉगमध्ये मोजणी शून्यापासून आहे. लॉगमधला पीडीओ ३ म्हणजे सिसएफएसमधला ४. दोघांचा ताळा घालताना हा एकचा फरक विसरलात की १५ व्होल्टचा सौदा झाला असे वाटेल. टीसीपीएमवर आणखी एक मजा करता येते. पॉवर सप्लायच्या ‘ऑनलाइन’ फाइलीत २ लिहिले की पीपीएस चालू होतो, आणि मग ‘व्होल्टेज_नाऊ’ मध्ये लिहून व्होल्टेज हवे तसे वर-खाली करता येते. १ लिहिले की पुन्हा फिक्स्ड. नवा क्लास यात नुसता बघ्या आहे. त्यातून काही मागता येत नाही. पोर्टाला एकाहून अधिक याद्या ठेवायची सोय असेल तर ‘सिलेक्ट_यूएसबी_पॉवर_डिलिव्हरी’ मधून यादी बदलता येते, तेवढाच अपवाद.

यादी कोरी का दिसते

५.१९ आहे म्हणून फोल्डर भरलेला असेलच असे नाही. क्लास एकदम आला, पण ड्रायव्हर त्याला एकेक करून जोडले गेले. उबुंटू २२.०४ च्या मूळ ५.१५ कर्नलवर तर क्लासच नाही; डेबियन १२ चा ६.१ आहे, तिथे क्लास असतो, भरणे ड्रायव्हरवर.

लॅपटॉपवर त्यानंतर फर्मवेअर आडवे येते. पीडीओंचा तपशील देणे ही यूसीएसआयमध्ये ऐच्छिक सोय आहे. फर्मवेअरने ती जाहीर केली नसेल तर कर्नल विचारतच नाही. काही प्लॅटफॉर्मवर पार्टनरचे पीडीओ विचारले की फर्मवेअर चुकीचे वागते, म्हणून कर्नलमध्ये त्यांच्यापुरते ‘विचारू नका’ असे अपवाद घातलेले आहेत. अशा मशीनवर पोर्टाची यादी दिसते, पार्टनरची नाही, आणि वापरकर्त्याच्या हातात काही नसते. फर्मवेअर अद्ययावत करून बघावे, नाही तर सोडून द्यावे.

यूडेव्हच्या (उपकरण जोडले-काढले की ठरलेले काम करणाऱ्या साधनाच्या) नियमांनी चार्जर ओळखू पाहणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. ‘पीडी२’ ची नोंदणी झाली की ‘ॲड’ चा निरोप जातो, पण याद्या त्यानंतर नोंदल्या जातात. पीडीओंची डिव्हाइस कोणत्याच क्लासची किंवा बसची नसल्यामुळे त्यांचे स्वतंत्र निरोप जातच नाहीत. परिणाम: नियम धावतो तेव्हा ‘सोर्स-कॅपॅबिलिटीज’ अजून जन्मलेलाच नसतो. त्यात यूसीएसआयमध्ये पार्टनरची यादी साधारण सेकंदभर उशिरा आणतात. यावर उपाय म्हणजे पॉवर सप्लायच्या ‘चेंज’ निरोपावर काम टांगायचे आणि यादी सापडेपर्यंत दोन-तीन सेकंद पुन्हा पुन्हा बघायचे. सुंदर नाही, पण चालते. यादी पूर्ण झाल्यावर क्लासनेच एक ‘चेंज’ पाठवला असता तर ही कसरत टळली असती.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

या बाजूने क्लास मनापासून आवडावा असा आहे. पीडीची रिव्हिजन देऊन आधी एक वस्तू नोंदवायची, मग ७ आकड्यांचा ॲरे आणि भूमिका देऊन यादी नोंदवायची, शेवटी पोर्ट किंवा पार्टनरला जोडायची. काढताना उलट क्रम. उलगड्याचा सगळा कोड क्लासमध्ये असल्याने ड्रायव्हरमध्ये बिटांची एकही कसरत उरत नाही. ॲरे ० वर संपतो हे लक्षात असू द्या: मधेच एखादा पीडीओ वाचता आला नाही म्हणून तिथे ० ठेवलात तर पुढची सगळी यादी गडप होईल. यूसीएसआयमध्ये एका फेरीत ४ पीडीओच मिळतात, त्यामुळे ७ साठी दोन फेऱ्या. दुसरी विसरली तर यादी नेमकी चौथ्यावर कापली जाते आणि सगळ्यात आधी पीपीएस गायब होतो, कारण तो शेवटी असतो.

डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनातून) पोर्टाची यादी देताना टीसीपीएम मुख्यतः या गोष्टी तपासतो: ५ व्होल्टचा पीडीओ आहे का, तो पहिला आहे का, प्रकार फिक्स्ड, बॅटरी, व्हेरिएबल याच क्रमाने आहेत का, आणि फिक्स्ड व्होल्टेज चढत्या क्रमाने आहेत का. एक जरी चुकले तर पोर्टच उभा राहत नाही. ‘ऑप-सिंक-मायक्रोवॉट’ मध्ये (पोर्टाला लागणारी वीज) गरजेपेक्षा मोठा, चार्जरला न पुरवता येणारा आकडा घातला तर दर सौद्यात ‘पुरत नाही’ चा बिट लागतो. काही चार्जर त्यावर पुन्हा यादी पाठवत बसतात.

२४० वॉटवाल्यांनी थांबावे

२०२१ च्या पीडी ३.१ ने २८, ३६ आणि ४८ व्होल्ट आणले, कमाल २४० वॉट. त्यांच्या नोंदी यादीत ८ व्या क्रमांकापासून पुढे येतात. या क्लासचा ॲरे ७ चा. ऑगमेंटेडमध्येही तो मुळात पीपीएसच ओळखत आला. न ओळखता येणारा प्रकार आला की ‘अननोन एपीडीओ टाइप’ असा इशारा कर्नलच्या लॉगमध्ये टाकून ती नोंद गाळतो. गाळतानाही क्रमांक मात्र सरकवत नाही, हे चांगले: १, २, ३, ४, ६ असे फोल्डर दिसले तर ५ नंबरला कर्नलला न कळलेले काहीतरी आहे, आणि त्याचा कच्चा आकडा लॉगमधल्या इशाऱ्यात मिळतो. तो हाताने उलगडता येतो: ११ नंतरचे दोन बिट ०० असतील तर पीपीएस, दुसरे काही असेल तर नवा प्रकार.

नेहमीच्या ६५ आणि १०० वॉटच्या जगात हा क्लास वापरण्याजोगा आहे. टाइप-सीची सगळी माहिती एका आज्ञेत हवी असेल तर ‘एलएसटाइपसी’ हे साधन आहे. २८ व्होल्टचा किंवा त्यावरचा चार्जर तपासायचा असेल, किंवा तारेतून खरोखर किती वाहते ते बघायचे असेल, तर मध्ये लावायचा टाइप-सी मीटर घ्या. घेताना तो ४८ व्होल्ट सोसतो असे त्यावर लिहिलेले आहे का ते पाहा. जुने मीटर २० व्होल्टच्या हिशेबाने केलेले असतात.